मोजणीच्या महिन्यातले गैरहजर

१

सासूबाईंचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला आणि त्याचं खापर फुटलं सुनेच्या डोक्यावर. ही सून एका दुपारी माझ्या टेबलासमोर येऊन बसली. भेटीची वेळ घेतलेली नाही, अर्ज नाही, काही नाही. मी तिला सांगितलं, बाई, तक्रारींची खिडकी खाली आहे. ती म्हणाली, खालूनच आलेय, त्यांनी वर पाठवलं. आमच्याकडे खालचे वर पाठवतात आणि वरचे खाली, ही जुनी रीत आहे, त्यामुळे मी तिला बोलू दिलं.

माझं काम आधी सांगते. मधुमेहावर खास उपचार करणारे जेवढे दवाखाने आमच्या हाताखाली येतात, त्या सगळ्यांचं दरवर्षी ऑडिट होतं. पैशांचं नव्हे, उपचारांचं. किती जणांची तीन महिन्यांची सरासरी साखर आटोक्यात आहे, किती जणांचे पाय तपासले, डोळे तपासले, हे मोजायचं. मग सगळे दवाखाने शेजारी शेजारी मांडायचे आणि मागे पडलेल्यांनी पुढच्यांकडून शिकायचं. कल्पना चांगली आहे. तिच्यापायीच मी चालती प्रॅक्टिस सोडून या खुर्चीत आले. दवाखान्यांतले लोक पाठीमागे मला 'फुटपट्टी' म्हणतात ते मला ठाऊक आहे, म्हणू देत बापडे.

सून चष्म्याच्या दुकानात काम करायची. रडली नाही, आवाज चढवला नाही, सरळ सांगत गेली. सासूबाईंची तपासणीची तारीख होती. हिने दुकानातून सुट्टी घेतलेली. आदल्या दिवशी सकाळी घरातल्या जुन्या फोनवर, ज्यावर कुणाचा नंबर दिसत नाही त्या फोनवर, दवाखान्यातून एका बाईंचा फोन आला. डॉक्टर परगावी गेलेत, उद्या काकूंना आणू नका, नवीन तारीख कळवू. आवाज मायेचा होता. हिने सुट्टी रद्द केली. नवीन तारीख काही आली नाही. हिने विचारायला फोन केला तेव्हा खिडकीवरच्या बाईने फाडकन सांगितलं की तुम्हीच आला नाहीत, आता तीन महिन्यांनी या. तोवर सासूबाईंच्या तळपायाला जखम झाली होती. मधुमेहात पायाची जाणीव जाते, दुखत नाही, कळत नाही. मोज्याला वास येऊ लागला तेव्हा हिनेच उचलून मोठ्या रुग्णालयात नेलं, पण उशीर झाला होता.

नवरा तावातावाने दवाखान्यात जाब विचारायला गेला. तिथे त्याला कॉम्प्युटरवर दाखवलं की डॉक्टर त्या दिवशी हजर होते, फोन कुणी केलेला नाही आणि तुमची आई 'गैरहजर' आहे. घरी येऊन त्याने आईला विचारलं, फोन आला होता का. आई म्हणाली, मला काही माहीत नाही बाबा. झालं. त्या दिवसापासून घरात हिचा शब्द खोटा ठरला. कंटाळा केला, सुट्टी वाचवली आणि वर फोनची गोष्ट रचली, असं नवऱ्याने नातेवाइकांसमोर बोलून दाखवलं.

"मला भरपाई नको मॅडम," ती म्हणाली. "मी खोटं बोलले नाही, एवढंच कुणीतरी माझ्या घरी येऊन सांगा."

मी दवाखान्याचं नाव विचारलं. तिने सांगितलं आणि मी पेन खाली ठेवलं. आमच्या क्रमवारीत पहिला आलेला दवाखाना तोच होता. त्यांनी हे कसं साधलं ते शिकून इतरांना सांगायला मला दुसऱ्याच दिवशी तिथे जायचं होतं.

२

पहिल्या नंबरच्या दवाखान्यात माझं स्वागत जोरात झालं. विभागप्रमुख, त्यांना तिथे सगळे 'मोठे डॉक्टर' म्हणतात, दारापर्यंत आले. दोन वर्षांपूर्वी हा दवाखाना तळाला होता. मोठे डॉक्टर आले आणि वर चढत गेला. माणूस गोड बोलणारा, इस्त्रीचा, हरभऱ्याच्या झाडावर चढवण्यात पटाईत. मॅडम, तुमच्या ऑडिटनेच आम्हाला डोळे दिले, असं त्यांनी मला तीनदा सांगितलं.

पडद्यावर आकडे आले. सगळे हिरवे. मग त्यांनी मला कॉरिडॉरमधला फलक दाखवला आणि तिथे माझ्या कपाळावर आठी पडली. दवाखान्यातल्या रुग्णांची तिथल्या नर्सेसमध्ये वाटणी केलेली होती, आणि कुणाच्या रुग्णांची साखर किती आटोक्यात, हे दरमहा नावानिशी लावलेलं. वरचं नाव हिरवं, तळाचं लाल. रुग्ण बसतात त्याच भिंतीवर. मी विचारलं, हे आत स्टाफरूममध्ये लावलं तर चालणार नाही का? ते हसून म्हणाले, उघड्यावर असलं की चुरस वाढते.

चहा घेताना त्यांनी आणखी एक कौतुक ऐकवलं. काटकसरीतही आम्ही मागे नाही. रक्ताच्या नळ्यांवर रुग्णाचं नाव चिकटवलं आणि तो आलाच नाही तर नळी फेकावी लागते. एरवी अशा पुष्कळ नळ्या फुकट जातात, पण मोजणीच्या महिन्यात, म्हणजे ज्या महिन्याचे आकडे तुमच्याकडे येतात त्या महिन्यात, आमच्याकडे एकही नळी वाया जात नाही. माणसं कशी जबाबदारीने वागतात बघा. मी मान डोलावली. चहा मात्र चांगला होता.

मग मी मोजणीच्या महिन्यातली गैरहजेरी मागितली. त्यांचा चेहरा बदलला नाही, पण आकडे काढण्याआधी त्यांनी आणखी एक चहा मागवला. आकडा पाहून मीच चमकले. सबंध वर्षात सगळ्यांत जास्त रुग्ण गैरहजर राहिले होते ते नेमके त्या महिन्यात. आणि आमच्याच कार्यालयाचा नियम असा की जो आला नाही त्याची साखर मोजता येत नाही, म्हणून तो हिशेबातून वगळायचा.

त्या गैरहजरांच्या आधीच्या साखरा काढून पाहिल्या. एकूण एक बिघडलेल्या. कुठेतरी पाणी मुरत होतं. आजारी माणसं विसरतात, मान्य आहे. पण ज्यांची साखर सगळ्यांत वाईट, नेमके तेच, आणि नेमके त्याच महिन्यात विसरतात?

३

पहिला संशय कुणावर जाणार? खिडकीवरच्या बाईवर. तारखा तिच्या हातात, 'गैरहजर' असं नोंदवते ती, आणि जिभेला हाड नाही. रुग्ण तिच्या नावाने बोटं मोडतात. मी तिला बाजूला घेतलं तर ती माझ्यावरच उखडली. म्हणाली, मी कुणाला फोन करत नाही, मला करायला वेळ नाही, खिडकीवर ही रांग बघा. जो समोर येत नाही त्याला मी गैरहजर लिहिते, तो मेलाय की सिनेमाला गेलाय हे मी बघायला जात नाही. बोलताना ती प्रत्येक रुग्णाला फाइलच्या नंबरानेच ओळखत होती. सुनेच्या सासूबाईंना ती 'ती मागच्या कपाटातली जाड फाइल' म्हणाली. मला तिचा राग आला, पण एक गोष्ट मनात नोंदली गेली. फोनवरची बाई 'काकू' म्हणाली होती.

दुसरा संशय धाकट्या डॉक्टरांवर. रुग्ण तपासतात तेच, मोठे डॉक्टर बहुतेक मीटिंगमध्ये असतात. डोळे तारवटलेले, दाढी वाढलेली. त्यांना विचारलं, इतकी माणसं आली नाहीत त्याचं तुम्हाला काही वाटलं नाही? ते म्हणाले, वाटलं, बरं वाटलं. त्या महिन्यात मला जेवायला वेळ मिळतो. मग जरा ओशाळले. म्हणाले, पुढच्या महिन्यात त्यातली बरीचशी येतात, जेवणाच्या सुट्टीत, मोठ्या सिस्टरांकडे. त्यांच्या जुन्या ओळखीचे लोक आहेत. मी त्यात पडत नाही.

मोठ्या सिस्टर म्हणजे तिथल्या सगळ्यांत जुन्या नर्स. फलकावर त्यांचं नाव आता हिरव्यात होतं. मी गेले तेव्हा त्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना इन्सुलिनचं पेन कसं धरायचं ते शिकवत होत्या. गृहस्थांना नीट दिसत नव्हतं, बोटं थरथरत होती. चारदा चुकले, चारदा सिस्टरांनी त्यांचा हात धरून पुन्हा पहिल्यापासून दाखवलं. गृहस्थ गेल्यावर सिस्टरांनी माझ्यापाशी त्यांचं तोंड भरून कौतुक केलं. मी इतक्या वर्षांत शेकड्यांनी दवाखाने पाहिलेत, असं शिकवणारं माणूस क्वचित पाहिलंय. मला त्या बाई फार आवडल्या, हे मी लपवत नाही.

त्यांना सासूबाईंबद्दल विचारलं तर त्यांचे डोळे भरून आले. म्हणाल्या, काकू माझ्याच. पहिल्या दिवसापासून माझ्याच. फोनचं विचारलं तेव्हा त्या ट्रे पुसायला लागल्या. मला काही कल्पना नाही, म्हणाल्या. तो ट्रे दुसऱ्या दिवशीसाठी होता. सकाळी येणाऱ्या रुग्णांच्या नळ्या नावं चिकटवून त्यात ओळीने लावून ठेवायच्या. मी हात पुढे केला तर त्यांनी ट्रे हलकेच बाजूला ओढला. म्हणाल्या, राहू दे मॅडम, हे मी दुसऱ्या कुणाला करू देत नाही, लोक फार वाया घालवतात.

जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर माझे पाय थांबले. आणि मी मागे फिरले.

४

हिशेब अगदी साधा होता, आणि तो सकाळी मोठ्या डॉक्टरांनीच कौतुकाने माझ्या हातात दिला होता. रुग्ण येणार म्हणून नळीवर नाव चिकटवायचं. तो आला नाही तर नळी वाया. म्हणजे जितके गैरहजर, तितक्या नळ्या फुकट. मोजणीच्या महिन्यात गैरहजर सगळ्यांत जास्त आणि वाया गेलेली नळी एकही नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतील तर त्याचा अर्थ एकच. त्या माणसांच्या नावाच्या नळ्या मुळात कुणी लावल्याच नव्हत्या. ती येणार नाहीत हे नळ्या लावणाऱ्या हाताला आधीच माहीत होतं.

खिडकीवरच्या बाईला ते संध्याकाळी कळायचं. धाकट्या डॉक्टरांना तर रुग्ण कमी आले एवढंच कळायचं. मोठे डॉक्टर ट्रेच्या वाऱ्यालाही उभे राहत नव्हते. उरलं कोण?

सिस्टर खोलीत एकट्याच होत्या. मी नळ्यांचं बोलले तशा त्या स्टुलावर बसल्या. नाकारलं नाही. उलट जरासं हसल्या. म्हणाल्या, चार नळ्या फेकून दिल्या असत्या तर कुणाला कळलं नसतं, नाही का? पण हात धजला नाही.

मग त्या बोलत सुटल्या. अवघड रुग्ण पहिल्यापासून त्यांच्याकडे. एकटे राहणारे, डोळे गेलेले, ज्यांच्यावर दुसऱ्या नर्सेस खेकसतात ते. ही माणसं सांभाळायची म्हणजे साखर थोडी खाली आली तरी मोठी गोष्ट. पण फलकाला 'थोडी' कळत नाही. दरमहा तळाला त्यांचं नाव, लाल. समोर बसलेले रुग्ण ते वाचायचे आणि त्यांचीच समजूत घालायचे, सिस्टर, आमच्यामुळे तुम्हाला बोलणी बसतात ना. मीटिंगमध्ये मोठे डॉक्टर गोड आवाजात सांगायचे, धाकट्या मुलींकडून शिका. ज्यांना सोपे रुग्ण मिळालेत त्या मुलींकडून. सिस्टरांनी एकदा म्हणून पाहिलं की कुणाकडे कसले रुग्ण आहेत तेही बघा. ते म्हणाले, सबबी नकोत.

म्हणून त्यांनी वाट काढली. ज्यांची साखर बिघडलेली, त्यांना सांगायचं, या महिन्यात येऊ नका, महिना संपला की माझ्याकडे या, मी बघेन. आणि त्या बघायच्याही, स्वतःचा डबा बाजूला ठेवून.

"सगळे आले हो," सिस्टर म्हणाल्या. "काकू तेवढ्या आल्या नाहीत. मी फोन केला तर म्हणाल्या, बरी आहे, सावकाश येते."

माझा आवाज चढला. मी म्हटलं, पाय गेला तेव्हा तरी तोंड उघडायचं. ती मुलगी घरात रोज बोलणी खातेय आणि तुम्ही मूग गिळून बसलात?

सिस्टर खाली बघत म्हणाल्या, "मी सांगायलाच निघाले होते. काकूंनीच मला शपथ घातली."

५

दवाखान्याचं पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकते, म्हणजे त्यातून मोकळी होईन. मी मोठ्या डॉक्टरांपुढे सगळं मांडलं. त्यांनी काखा वर केल्या. मी कुणाला असं करायला सांगितलं नाही, म्हणाले. मी म्हटलं, खरं आहे, आणि तुम्ही कुणाला विचारलंही नाही. माझा अहवाल गेला. नियम बदलला. आता गैरहजर माणूस वगळता येत नाही, तो का आला नाही ते शोधावं लागतं, आणि दवाखान्यांची तुलना करताना कुणाकडे किती अवघड रुग्ण आहेत तेही धरलं जातं. हे व्हायलाच हवं होतं. सिस्टरांना काढून टाकलं. खिडकीवरची बाई आहे तिथेच आहे. मोठे डॉक्टर हल्ली इतर दवाखान्यांना 'चुकांमधून शिकणं' या विषयावर भाषणं देतात. एका भाषणाला मला पाहुणी म्हणून बोलावलं होतं. मी गेले नाही.

दवाखान्यातून निघाले ती मी थेट सुनेच्या घरी गेले. मी येतेय असं तिला दुकानात फोन करून कळवलं होतं. संध्याकाळ होत आली होती. दोन खोल्यांचं घर, पुढच्या खोलीत सासूबाईंची खाट. सून खाली बसून त्यांच्या कापलेल्या पायाची पट्टी बदलत होती. नवरा नुकताच छापखान्यातून आलेला, हाताला शाई. मला खुर्ची दिली त्याने, पण चेहऱ्यावर स्पष्ट होतं, आता ही बाई काय सांगणार.

मी फाटे न फोडता सांगितलं. फोन आला होता. तुमच्या बायकोने सांगितलेला शब्द न् शब्द खरा आहे. फोन कुणी केला आणि का केला, तेही सांगितलं.

नवरा उभाच राहिला. मग आईकडे वळला आणि त्याने विचारलं, तुला माहीत होतं?

सासूबाई भिंतीकडे बघत होत्या. पण बोलल्या, आणि हळू नाही, चांगल्या खणखणीत आवाजात बोलल्या. सिस्टरने आठवडाभर आधी सांगितलं होतं की या महिन्यात येऊ नका. पण ही, म्हणजे सून, ऐकणारी नव्हती, तारीख म्हणजे तारीख, मला उचलून नेलं असतं. म्हणून मीच सिस्टरला म्हटलं, हिला फोन करून डॉक्टर नाहीत म्हणून सांग. पुढे पायाला जखम दिसली. दाखवली असती तर डॉक्टरांनी विचारलं असतं, इतके दिवस कुठे होता, आणि त्या सिस्टरचं नाव निघालं असतं. म्हणून मोजा घालून ठेवला. वाटलं, बरी होईल. दुखत तर नव्हती.

"आणि मी विचारलं तेव्हा?" नवरा म्हणाला. "माहीत नाही म्हणालीस मला."

"मग काय सांगू? ती सिस्टर एकटी, तिला पुढे ना मागे कुणी. नोकरी गेली असती तर कुठे गेली असती? अकरा वर्षं माझी साखर सांभाळली तिने, एकदा तोंड वाकडं केलं नाही." मग त्यांनी पहिल्यांदा सुनेकडे पाहिलं. "ही काय, घरातलीच आहे. चार दिवस बोलणी खाल्ली तर हिला काय होणार होतं?"

सुनेचे हात थांबले नाहीत. पट्टीचा शेवटचा वेढा तिने नीट घेतला, टोक चिकटवलं, सैल तर नाही ना ते बोटाने पाहिलं. मला त्या क्षणी खाटेवरच्या बाईचा इतका संताप आला की मी डॉक्टर आहे आणि ती आजारी आहे, हे मला स्वतःला बजावावं लागलं.

नवरा बायकोकडे वळला. जाऊ दे, म्हणाला, आता कळलं ना सगळ्यांना, झालं गेलं विसरून जा. मला वाटतं त्याला हे मनापासून म्हणायचं होतं. पुढे होऊन तो तिच्या खांद्यावर हात ठेवणार होता, पण हाताला शाई होती, म्हणून थांबला.

सून उठली. मळकी पट्टी तिने कागदात गुंडाळली आणि तो पुडा नवऱ्याच्या हातात दिला.

"उद्यापासून हे तुम्ही करायचं," ती म्हणाली.

तो पुड्याकडे बघून कसनुसा झाला. म्हणाला, अगं, मला जखम बघवत नाही, तुला माहीत आहे.

"मलाही बघवत नव्हती," ती म्हणाली, आणि हात धुवायला आत गेली.